मस्टर फाटकापाशी

अग्निशमन खात्याचं इंग्रजी पत्रक सोमवारी सकाळी टायपिस्टबाईंच्या टेबलावर येऊन पडलं. “दुपारपर्यंत आपल्या भाषेत करून द्या. रंगारी येऊन बसलाय,” एवढं सांगून मॅनेजर निघून गेले.

कारखाना पुठ्ठ्याच्या खोक्यांचा. खळ, शाई, कातरणांचे ढीग आणि मागच्या गोदामात छताला टेकलेल्या खोक्यांच्या थप्प्या. एक ठिणगी पडली तर विझवायला सुद्धा काही उरणार नाही, असा सगळा ऐवज. अग्निशमनचा दाखला महिनाअखेर संपत होता आणि औषध कंपनीनं स्पष्ट कळवलं होतं की दाखला नाही तर खोकीही नकोत. निम्मा कारखाना त्या कंपनीच्या खोक्यांवर चालायचा. म्हणून गुरुवारी खात्याचे अधिकारी येऊन आगीचा सराव घेणार होते, आणि त्याआधी सूचनांचा फलक भिंतीवर लागायला हवा होता.

बाईंचंही त्यात थोडं अडकलेलं होतं. सहा वर्षं त्या हंगामी म्हणून काम करत होत्या. या महिन्यात कायम करायला तुमचं नाव वर पाठवतो, असं मॅनेजर म्हणाले होते. त्यामुळे मॅनेजरनी दिलेलं काम त्या सांगितलेल्या वेळेच्या आधीच हातावेगळं करत.

पत्रकात अकरा सूचना होत्या. दहा सुतासारख्या सरळ गेल्या. अकरावीपाशी गाडी अडली. ‘इन केस ऑफ फायर, मस्टर ॲट द गेट.’

मस्टर हा शब्द बाईंना नवा नव्हता. रोज सकाळी त्यावर सही केल्याशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे. लांबट, लाल कापडी पाठीचं, कोपरे झिजलेलं हजेरीचं पुस्तक. पण आग लागल्यावर ते फाटकापाशी कशाला न्यायचं, हे काही उलगडेना.

घरी अण्णांना विचारता आलं असतं. बाईंच्या वडिलांनी चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं होतं. पण अण्णांना शब्द विचारला की ते त्याच्या आजोळापासून सुरुवात करत. मागे बाईंनी त्यांना ‘ग्लू’ विचारला, तेव्हा गॅसवरचं दूध उतू जाऊन भांडं करपलं तरी अण्णा अजून तेराव्या शतकातच होते. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि टाइप केलं: ‘आग लागल्यास मस्टर फाटकापाशी.’

मॅनेजरनी वाचलं आणि मान डोलावली. “बरोबर आहे. सरकारला माणसापेक्षा कागद प्यारा. रंगाऱ्याला सांगा, हे वाक्य जरा मोठं काढ.”

रंगाऱ्यानं ते वीतभर उंचीच्या तांबड्या अक्षरांत काढलं.

बुधवारी मॅनेजरनी सगळ्यांना फलकासमोर उभं करून समजावून सांगितलं. मस्टर म्हणजे कारखान्याची अब्रू. यंत्र जळलं तर दुसरं आणता येईल, पण मस्टर जळलं तर कोण कधी आलं होतं याला पुरावा काय?

खळ विभागाच्या आक्का पुढे आल्या. कारखान्यात त्यांच्याइतकी जुनी फक्त इमारत होती. “मस्टर फाटकापाशी, ते कळलं. आणि आम्ही?”

“तुम्ही काय?”

“आम्ही कुठं जायचं?”

मॅनेजरनी फलक वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. माणसांचा कुठेच उल्लेख नव्हता. “मस्टरबरोबर,” ते म्हणाले.

गुरुवारी सव्वादहाला अधिकारी आले. निवृत्तीला टेकलेले, किरकोळ अंगाचे, कधीच आवाज न चढवणारे गृहस्थ. बरोबर दोन जवान आणि सरावाच्या धुराचा एक डबा होता. मालक आणि मॅनेजर फाटकावर स्वागताला उभेच होते. अधिकाऱ्यांनी खिशातून स्टॉपवॉच काढलं, जवानानं कातरणाच्या खोलीजवळ धुराचा डबा उघडला आणि भोंगा वाजला.

“चार मिनिटांत सगळे इथं आले पाहिजेत,” अधिकारी म्हणाले.

चार मिनिटं झाली. कोणी आलं नाही. आतून काहीतरी अवजड फरफटल्याचा आवाज येत होता.

“लोक बाहेर का येत नाहीत?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

मॅनेजरना कारण ठाऊक नव्हतं, पण ते त्यांच्याच खिशात होतं. मस्टर ज्या लोखंडी कपाटात असे, त्याची किल्ली खिशात घेऊन ते फाटकावर उभे होते. आत सगळी माणसं भोंगा वाजताच इमानदारीनं ऑफिसकडे धावली होती. कपाट बंद. मस्टर सोडून निघावं तर फलकाविरुद्ध. शेवटी आक्कांनी निर्णय दिला, “उचला कपाटच.” आठ जणांनी ते उचललं आणि बाकीचे, सांगितल्याप्रमाणे, मस्टरबरोबर निघाले. बोळाच्या वळणावर कपाट आडवं अडकलं. मागे बाई, टाइपरायटर सोडून टेबलावरचं सगळं सामान कवटाळून, आणि सगळ्यांच्या नाकातोंडात धूर. कपाट तिरपं करा, नाही उभं करा, दाराची चौकट काढा, अशा सूचना चारी बाजूंनी येत होत्या.

एकोणीस मिनिटांनी कपाट फाटकापाशी टेकलं. त्याच्यामागून खोकत, डोळे पुसत कामगार बाहेर आले. आक्का अधिकाऱ्यांसमोर येऊन म्हणाल्या, “घ्या साहेब. ओरखडासुद्धा नाही.”

अधिकाऱ्यांनी कपाटाला एक वळसा घातला. मग त्यांनी भिंतीवरचा फलक वाचला. “हे कोणी लिहिलं?”

मॅनेजरनी बाईंकडे बोट दाखवायला क्षणाचाही उशीर केला नाही.

“बाई, मस्टर म्हणजे काय?”

“हजेरीचं पुस्तक, साहेब.”

“इथं त्याचा अर्थ जमणे असा आहे. फाटकापाशी जमावे.”

बाईंचे कान तापले. सहा वर्षांचं हंगामीपण डोळ्यांपुढून सरकत गेलं. बुडत्याला काडीचा आधार, म्हणून त्यांनी पर्समधून फोन काढला. “साहेब, माझे वडील इंग्रजीचे शिक्षक होते. एकदा त्यांना विचारते. कुठल्यातरी अर्थानं माझंही बरोबर असेल.”

अण्णांना कमी ऐकू येई, म्हणून बाई फोन स्पीकरवर ठेवून तोंडासमोर धरत आणि मोठ्यानं बोलत. त्यामुळे अण्णांचा आवाज फाटकावर सगळ्यांनाच ऐकू आला.

“मस्टर? फार चांगला शब्द विचारलास. बस.”

“अण्णा, मी रस्त्यावर उभी आहे.”

“मग उभ्यानं ऐक. मूळ लॅटिन. अर्थ, दाखवणे. ‘मॉन्स्टर’ म्हणजे राक्षस, तो याचा चुलतभाऊ. आधी नुसतं दाखवणे, मग दाखवण्यासाठी जमवणे, मग त्या जमलेल्यांची यादी. मोरांच्या थव्यालाही मस्टर म्हणतात, कारण मोर जमतो तोच मुळी दाखवायला.”

“म्हणजे जमणे आणि पुस्तक, दोन्ही बरोबर?” बाईंनी घाईघाईनं विचारलं.

“अगं, एकाशिवाय दुसऱ्याला अर्थच नाही. खरी गंमत सैन्यात. जुन्या काळी पलटणीचे कप्तान कागदावर शंभर शिपाई दाखवायचे आणि छावणीत असायचे साठ. बाकीचे चाळीस मेलेले, पळालेले, नाहीतर जन्मालाच न आलेले.”

मॅनेजरना अचानक खोकल्याची उबळ आली.

“मग राजाचा तपासनीस यायचा,” अण्णा रंगात आले होते. “म्हणायचा, यादी आणा, माणसं जमवा आणि एकेक करून दाखवा. कप्तानही बेरकी. तपासणीच्या दिवशी रस्त्यावरच्या कुणालाही धरून आणून रांगेत उभं करायचे.”

“बाई, फोन ठेवा आता. साहेबांचा वेळ जातोय,” मॅनेजर म्हणाले.

“नाही, चांगलं बोलताहेत,” अधिकारी म्हणाले. ते फोनजवळ वाकले. “गुरुजी, आभारी आहे. तुमच्या मुलीचं निम्मं बरोबर आहे आणि आमच्या पत्रकाचंही निम्मंच. नुसती माणसं जमवून काय करायचं? आत कोणी राहिलंय का, हे यादीशिवाय कळणार कसं?” मग सरळ होत त्यांनी मॅनेजरकडे हात पुढे केला. “मस्टर एवढ्या कष्टानं आणलंच आहे, तर किल्ली द्या. हजेरी घेऊ.”

“कशाला साहेब, सगळे आपलेच आहेत.”

“किल्ली.”

कपाट उघडलं. अधिकारी मस्टरचे नंबर वाचू लागले. प्रत्येकाला आपला नंबर पाठ होता. एक, हजर. दोन, हजर. आक्का नऊ नंबर, हजर. सोळापर्यंत सगळं झटपट झालं.

“सतरा.”

फाटकावरचा कुत्रा तेवढा शेपूट हलवत होता.

“सतरा नंबर कोण? आज सकाळी नऊ वाजून दोन मिनिटांनी सही केलेली आहे.”

“माझा मेहुणा,” मालक म्हणाले. इकडेतिकडे पाहता पाहता त्यांचा चेहरा उतरत गेला. “गोदामात असतो. शिकाऊ म्हणून ठेवलाय, बिनपगारी. साहेब, गोदामात पंधरा पंधरा फूट थप्प्या आहेत.”

अधिकाऱ्यांनी बाकीचे नंबर वाचून काढले. सह्या बेचाळीस. फाटकापाशी माणसं एक्केचाळीस. त्यांनी स्टॉपवॉच खिशात टाकलं. “आता हा सराव नाही,” ते म्हणाले. दोन्ही जवान मुखवटे चढवून आत पळाले.

मालक एका जागी थांबेनात. “घरी मी त्याला काय काय बोललो असेन. परवासुद्धा म्हणालो, तू असलास काय आणि नसलास काय.” त्यांनी कोट काढून मॅनेजरच्या हातात द्यायला हात पुढे केला. तिथे मॅनेजर नव्हते. ते पाण्याच्या टाकीमागे जाऊन, तोंडावर हात धरून फोनवर बोलत होते. मालकांनी कोट आक्कांकडे दिला. “मी आत जातो.”

“मालक, तुम्हाला दम्याचा त्रास आहे,” आक्का म्हणाल्या.

“बायकोला काय तोंड दाखवू?”

बाईंना सगळं माहीत होतं. त्यांचं टेबल मॅनेजरच्या टेबलासमोरच होतं. रोज सकाळी चहा संपला की मॅनेजर मस्टर पुढे ओढत, जिभेचं टोक किंचित बाहेर काढत आणि सतरा नंबरपुढे झोकदार सही करत. आठ महिन्यांत एक खाडा नाही. बाईंनी पाहून न पाहिल्यासारखं केलं होतं, कारण त्यांचं नाव मॅनेजरच वर पाठवणार होते. पण आता दोन पोरगेले जवान धुरात खोकी उपसत होते आणि दम्याचा माणूस बाह्या सावरून निघाला होता.

“साहेब,” त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, “आत कोणी नाही.”

“कशावरून?”

“सतरा नंबर येतच नाहीत. आठ महिन्यांपूर्वी एक दिवस आले होते.”

“मग सही?”

“सही रोज येते,” बाई म्हणाल्या आणि आपल्या चपलांकडे बघत राहिल्या.

मालक अर्ध्या वाटेत थांबले. एवढ्यात गोदामाच्या बाजूनं जवानाची हाक आली. “साहेब, सापडले. जिवंत आहेत.”

सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. टाकीमागून आलेल्या मॅनेजरच्या चेहऱ्यावर चांदणं पडलं. “बघा, साहेब,” ते म्हणाले, “ऐकीव गोष्टींवर काही लोक वाट्टेल ते बोलतात.” बाईंना वाटलं, आपण आता हंगामीसुद्धा राहत नाही.

“पण साहेब,” जवान पुढे म्हणाला, “ते उलटे आहेत.”

“उलटे म्हणजे?”

“मागच्या खिडकीत अडकलेत. डोकं आत, पाय बाहेर.”

सगळा कारखाना वळसा घालून मागच्या गल्लीत गेला. गोदामाच्या लहानशा खिडकीतून दोन पाय बाहेर लोंबत होते. एका पायात घरात घालायची सपाता होती आणि दुसरी खाली एका उपड्या बादलीशेजारी पडली होती. जवानांनी आतून ढकललं, कामगारांनी बाहेरून ओढलं, तेव्हा मेहुणे गल्लीत उतरले. तिशीचे, गोल चेहऱ्याचे. गालाच्या एका बाजूला दाढीचा साबण अजून वाळत होता.

मालकांनी त्यांना कडकडून मिठी मारली. कोटाला साबण लागला असता, पण तो आक्कांकडे होता.

“तुम्ही काय करत होतात?” अधिकाऱ्यांनी विचारलं.

मेहुण्यांनी एकदा मॅनेजरकडे पाहिलं. “बाहेर पडत होतो. आग लागली ना.”

“आधी पाय बाहेर टाकून?”

“घाई झाली.”

“आगीतून पळणारा माणूस आधी डोकं बाहेर काढतो, त्याला हवा हवी असते,” अधिकारी शांतपणे म्हणाले. “आणि बादली गल्लीत आहे. तिच्यावर चढून तुम्ही आत निघाला होतात.”

मेहुणे कबूल झाले. फार वेळ खोटं बोलण्याचा त्यांना सराव नव्हता. घर दोन गल्ल्या सोडून होतं. फोन आला, खिडकीतून आत शिरा आणि पुढच्या दारानं खोकत बाहेर या, एवढंच सांगितलं होतं.

मालकांनी मिठी सोडली आणि मॅनेजरकडे वळले. “सही तुम्ही करायचात?”

“तुमच्या घरच्या बाईसाहेबांनीच सांगितलं होतं,” मॅनेजरचा आवाज खोल गेला. “म्हणाल्या, त्याचं मन रमेपर्यंत सांभाळून घ्या. तुम्हाला कळलं तर तुम्ही चिडाल म्हणून.”

“आणि तू? आठ महिने घरी काय करत होतास?”

मेहुण्यांनी सपाता पायात घातली. “भावजी, पहिल्या दिवशी मी आलो होतो की. मॅनेजर म्हणाले, बसा. मी गोदामात स्टुलावर बसलो. दुपारपर्यंत कोणी काही सांगितलं नाही. कोणी आलंच नाही. मग मी घरी गेलो. वाटलं, लागलो तर बोलावतील.” गालावरचा साबण बाहीनं पुसत ते म्हणाले, “तुम्हीही कधी गोदामात आला नाहीत. आला असतात तर मी नाही हे त्याच दिवशी कळलं असतं.”

मालकांनी आक्कांकडून कोट घेतला आणि उगीचच झटकला.

अधिकाऱ्यांनी तिथेच खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून शेरा लिहिला. सराव नापास. आठ दिवसांनी पुन्हा. मग ते बाईंना म्हणाले, “तुमचं वाक्य पुसू नका. फक्त शेवटी एक शब्द घाला.”

दुसऱ्या दिवशी रंगाऱ्यानं तो घातला. ‘आग लागल्यास मस्टर फाटकापाशी, माणसांसह.’ कपाटाचं कुलूप काढून टाकलं आणि मस्टर फाटकाजवळच्या खिळ्याला टांगलं. मालकांनी बाईंना बोलावून घेतलं. “इतके दिवस आपण हंगामी होतात, हे मला आज कळतंय,” ते म्हणाले, “मला या कारखान्यातलं काय काय माहीत नाही, याची एक यादी करून द्या.” कायमचं पत्र त्यांनी बाईंनाच टाइप करायला सांगितलं. बाईंनी ते तीनदा टाइप केलं, चूक नसताना.

मॅनेजरना मालकांनी ठेवून घेतलं, पण हजेरी त्यांच्याकडून काढली. ती मेहुण्यांकडे दिली. रोज सकाळी पावणेनऊला मेहुणे फाटकापाशी उभे राहू लागले. दोन दिवसांत त्यांना सगळ्यांचे नंबर पाठ झाले, चार दिवसांत कोणाच्या घरी कोण आजारी आहे तेही कळलं. उरलेला दिवस आक्का त्यांना खळ विभागात बसवून घेत. पहिल्या दिवशी त्यांनी अकरा खोकी चिकटवली आणि स्वतःची बाही बाराव्याला. पण संध्याकाळी ते शिट्टी होईपर्यंत थांबले होते.

आठ दिवसांनी अधिकारी आले. भोंगा वाजला. माणसं दोन मिनिटांत फाटकापाशी जमली, शेवटी मेहुणे, गोदामात एक फेरी मारून. खिळ्यावरचं मस्टर काढून ते पुढे झाले आणि बोटानं एकेकाला मोजत शेवटपर्यंत गेले. मग त्यांचा चेहरा पांढरा पडला. ते उलटे मोजत परत आले.

“एक्केचाळीस,” ते म्हणाले. “एक जण कमी आहे.”

“नीट मोजा,” मालक म्हणाले.

“दोनदा मोजले, भावजी. सह्या बेचाळीस आहेत. कोणीतरी आत राहिलंय.” आणि कोणी अडवायच्या आत मस्टर मालकांच्या हातात कोंबून ते धुरात शिरले. गोदामातून त्यांच्या हाका ऐकू येऊ लागल्या. कोणाला हाक मारायची ते कळत नसल्यामुळे ते नुसतंच “अहो, कोण आहे, बाहेर या” म्हणत थप्प्यांमधून फिरत होते.

अधिकाऱ्यांनी स्टॉपवॉचकडे पाहिलं. बाईंनी मस्टरमध्ये डोकावलं आणि कपाळावर हात मारला. आक्का पदर नाकाला लावून दारापर्यंत गेल्या.

“दादा, बाहेर या. मोजताना तुम्ही स्वतःला धरलं का?”

आतल्या हाका थांबल्या. थोड्या वेळानं धुरातून मेहुणे आले, डोळे चोळत, खजील होऊन.

“राहिलंच,” ते म्हणाले. “मला सवय नाही हो, आक्का.”

“होईल,” आक्का म्हणाल्या आणि त्यांना दंडाला धरून रांगेत उभं केलं. “म्हणा बेचाळीस.”

“बेचाळीस,” मेहुणे म्हणाले. अधिकाऱ्यांनी स्टॉपवॉच थांबवलं. चार मिनिटांना अजून दोन सेकंद शिल्लक होते.